दत्तक देण्याचे निकष: पाच महिने चाललेले घर कायमचे का चालत नाही?

उंबरठा (धागालेखिका)

गेली चार वर्षे मी एका लहान संस्थेसाठी सोडवून आणलेली कुत्री तात्पुरती सांभाळते. आजवर नऊ कुत्री आली आणि नऊही आपापल्या घरी गेली. दहावी अजून माझ्याकडे आहे, आणि हा धागा तिच्यामुळे काढत आहे. संस्थेचे नाव मी लिहिणार नाही आणि कोणी ओळखले तरी कृपया इथे लिहू नये. माझे भांडण तिथल्या माणसांशी नाही, त्यांच्या अर्जातील काही रकान्यांशी आहे.

ठिपकी अंदाजे पाच वर्षांची, मध्यम आकाराची, तपकिरी कुत्री आहे. एका रिकाम्या घराच्या मागच्या बाजूला साखळीला बांधलेली सापडली. रक्ततपासणीत हार्टवर्म निघाला. ज्यांना हा आजार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: डासामार्फत शरीरात शिरणारा हा जंत मोठा झाला की प्रामुख्याने फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत ठाण मांडतो, आणि खरी काळजी सुरू होते ती तो मारण्याचे औषध दिल्यानंतर, कारण मेलेल्या जंतांचे तुकडे त्याच रक्तवाहिन्यांत अडकतात. अशा वेळी कुत्रा धावला किंवा उड्या मारू लागला तर ते जिवावर बेतू शकते. म्हणून आधी सुमारे दोन महिने औषधांची तयारी, मग पहिले इंजेक्शन, महिन्याभराने लागोपाठ दोन दिवस दुसरे आणि तिसरे, आणि त्यानंतरही सहा ते आठ आठवडे सक्तीची विश्रांती असा हा लांबलचक कार्यक्रम असतो.

माझे घर भाड्याचे, दुसऱ्या मजल्यावरचे, दोन खोल्यांचे आहे. अंगण नाही. ठिपकीने या घरात पाच महिने काढले. दिवसातून चार-पाच वेळा तिला उचलून खाली न्यायचे, पट्ट्याने पाच मिनिटे फिरवायचे आणि पुन्हा उचलून वर आणायचे. सोळा किलोंची ती आठवण माझ्या पाठीला अजून आहे. एवढ्या काळात तिच्याबद्दल मला जे कळले त्यात एक गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची आहे. तिला दाराबाहेर एकटे राहणे सोसत नाही. एकदा गॅलरीचे दार वाऱ्याने तिच्या मागे लोटले गेले. मी स्वयंपाकघरातून येईपर्यंत मिनिटभरसुद्धा गेले नसेल, पण तेवढ्यात ती दाराच्या फटीला नाक लावून थरथरत होती आणि फरशीवर लाळेचे थारोळे झाले होते. त्या दिवसापासून त्या दाराखाली लाकडी पाचर असते. घरात मात्र ती एकटी चार तास निवांत झोपते. मी मोबाईल समोर लावून दोनतीनदा चित्रण करून पाहिले आहे.

आता ती बरी झाली आहे आणि तिच्यासाठी दोन अर्ज शिल्लक आहेत. पहिला एका ७१ वर्षांच्या निवृत्त बाईंचा. त्या एकट्या राहतात, घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट आहे, आधीचा कुत्रा १४ वर्षांचा होऊन गेला. त्या ठिपकीला तीनदा भेटायला आल्या आणि तिन्ही वेळा तिला हाक न मारता जमिनीवर बसून राहिल्या; तिसऱ्या वेळी ठिपकी आपण होऊन त्यांच्या गुडघ्याला टेकून झोपली. दुसरा अर्ज एका चौकोनी कुटुंबाचा: स्वतःचे घर, भिंतीचे कुंपण असलेले मोठे अंगण, सहा आणि नऊ वर्षांची मुले, आई दुपारी जेवायला घरी येते. 'कुत्रा दिवसा कुठे राहील?' या प्रश्नापुढे त्यांनी 'अंगणात मोकळा' असे लिहिले आहे.

संस्थेच्या नियमांनुसार अर्जदाराचे वय ६५ च्या आत असावे आणि घराला कुंपणाचे अंगण असावे. म्हणजे बाई दोन्हीकडे नापास आणि कुटुंब सगळीकडे पास. मला खटकते ते असे की, जिला घराबाहेर कोंडले गेल्याच्या नुसत्या कल्पनेने कापरे भरते तिच्यासाठी अंगण ही पात्रता ठरते, आणि जिथे तिला स्वतः जाऊन झोपावेसे वाटले ते घर चाळणीतच अडकते. शिवाय याच नियमांनी पाहिले तर मीही नापास आहे. माझे घर भाड्याचे, अंगणाशिवाय आहे. आजारी, नाजूक, पाच महिने डोळ्यांत तेल घालून जपावी लागणारी कुत्री या घरात ठेवायला कोणाची हरकत नव्हती. तीच कुत्री धडधाकट झाल्यावर अशा घरात का चालू नये, याचे उत्तर मला कोणी दिलेले नाही.

इथे दत्तक देणारे, घेणारे आणि माझ्यासारखे मधले असे सगळेच आहेत. निकष असावेत हे मला मान्य आहे. ते कशाचे असावेत, आणि फॉस्टर करणाऱ्याच्या, म्हणजे माझ्यासारख्या तात्पुरत्या सांभाळणाऱ्याच्या मताला त्यात किती वजन असावे, यावर आपले अनुभव वाचायला आवडतील.

जुनी स्वयंसेविका

मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसते, म्हणजे अर्ज वाचण्याचे काम करते. तुमची चीड समजते, परंतु वयाची अट आमच्याकडे कशी आली ते सांगते. एकाच वर्षी आमच्याकडे दोन कुत्री परत आली, एक मालक वारल्यामुळे आणि दुसरे मालक रुग्णालयात गेल्यामुळे. दोन्ही घरांतल्या मुलांनी दत्तकविधीच्या वेळी 'आम्ही आहोत ना' असे तोंडभरून सांगितले होते, आणि प्रत्यक्ष वेळ आल्यावर एकाच्या घरात ॲलर्जी निघाली, दुसऱ्याच्या घरात जागा नव्हती. परत आली तेव्हा एक नऊ वर्षांची होती आणि दुसरी अकरा. त्या वयाच्या कुत्रीला कोणी विचारत नाही. अकरा वर्षांची जी होती ती आमच्या निवाऱ्यातच गेली. ती रोज संध्याकाळी फाटकाकडे तोंड करून बसायची, आणि ते ज्यांनी पाहिले त्यांनीच पुढच्या सभेत ६५ चा आकडा मांडला. तो आकडा शास्त्रीय नाही हे तेव्हाही सगळ्यांना कळत होते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. ठराविक नियम नसले की निर्णय कोणाच्या बाजूने जातो? जो छान बोलतो, ज्याची भाषा आपल्यासारखी आहे, ज्याच्या घरात पाऊल टाकल्यावर आपल्याला आपल्याच घरात आल्यासारखे वाटते, त्याच्या बाजूने. मी स्वतः असे दोन निर्णय घेतले आहेत आणि त्यांतला एक पुरता फसला. नियम आंधळा असतो हे खरे, पण तो निदान सगळ्यांसाठी सारखाच आंधळा असतो. 'प्रत्येकाशी बोलून ठरवा' हे ऐकायला सुंदर आहे. एका गोंडस पिल्लामागे चाळीस अर्ज येतात आणि ते वाचणारे आम्ही तिघे असतो, तिघेही नोकरी सांभाळून.

भाडेकरू

या धाग्यावर लिहू की नको असा विचार दोन दिवस केला.

तीन वर्षांपूर्वी मी एका संस्थेकडे अर्ज केला होता. सहा पानांचा होता. घरमालकाचे पत्र, उत्पन्न, मागच्या पशुवैद्यांचा संदर्भ, घराची छायाचित्रे, आणि 'पुढील पाच वर्षांत मूल होण्याची योजना आहे का' असाही एक प्रश्न होता, ज्याचे उत्तर आम्ही दोघांनी बराच वेळ एकमेकांकडे पाहत कोरे ठेवले. बाकी सगळे प्रामाणिकपणे भरले. मागच्या पशुवैद्यांचा संदर्भ नव्हता, कारण आमचा हा पहिलाच कुत्रा असणार होता. तीन आठवडे काही उत्तर आले नाही. विचारणा केली तेव्हा 'अधिक योग्य घर मिळाले आहे' एवढे एक वाक्य आले. नकार मिळाल्याचे दुःख नव्हते. काय कमी पडले ते कोणी सांगितले असते तर आम्ही ते भरून काढले असते, किंवा आपल्याला अजून झेपणार नाही हे समजून घेतले असते.

पुढे आम्ही पैदास करणाऱ्याकडून पिल्लू विकत घेतले. तिथे एकच प्रश्न विचारला गेला, आणि तो पैसे कसे देणार हा होता. आमचा कुत्रा आता तीन वर्षांचा आहे, सुखात आहे, आणि तरीही दत्तक घेण्याविषयीची चर्चा निघाली की मी विषय बदलतो. निकष इतके कडक ठेवल्याने कुत्री सुरक्षित राहतात असे म्हणणाऱ्यांनी हेही मोजावे की परत पाठवलेला माणूस कुठे जातो.

सरळ प्रश्न

धागालेखिकेला एक विचारतो, राग मानू नये. ठिपकी तुम्हालाच ठेवायची आहे का? तुमच्या लेखनात त्या कुटुंबाविषयी फक्त एक रकाना आहे आणि बाईंविषयी तीन भेटींचे वर्णन आहे.

उंबरठा (धागालेखिका)

राग नाही. पाच महिन्यांत पन्नास वेळा तरी मनात आले असेल, विशेषतः तिसऱ्या इंजेक्शनच्या रात्री, जेव्हा ती खोकत होती आणि मी फरशीवर तिच्याजवळ पडून श्वास मोजत होते. पण मी तिला ठेवली तर पुढच्या आजारी कुत्रीसाठी माझ्याकडे जागा उरत नाही. घरमालकाने एकाच कुत्र्याला परवानगी दिली आहे. म्हणून ठेवणार नाही, हे आधीच ठरले आहे.

कुटुंबाविषयी तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. ते एकदाच आले, कारण संस्थेच्या मते त्यांची पात्रता आधीच सिद्ध झाली होती आणि अधिक भेटींची गरज नव्हती. मुले शांत होती. धाकट्याने आधी हात पुढे करून वास घेऊ दिला, जे त्याला कोणीतरी नीट शिकवलेले दिसत होते. हे मी पहिल्या लेखात लिहायला हवे होते.

दवाखान्यातून

मी पशुवैद्यकीय दवाखान्यात परिचारिका आहे. निकषांच्या मागे जी कारणे सांगितली जातात त्यांपैकी काहींकडे दवाखान्याच्या बाजूने पाहू.

लहान मुलांची अट. मुलांना होणारे चावे फक्त अनोळखी भटक्या कुत्र्याचे नसतात, ओळखीच्या किंवा घरच्या कुत्र्याचेही असतात, आणि अगदी लहान मुलांच्या बाबतीत ते पुष्कळदा कुत्रा खात, झोपलेला किंवा कोपऱ्यात बसलेला असताना मूल जवळ गेल्यामुळे होतात. म्हणून ही चिंता खोटी नाही. परंतु 'दहा वर्षांखालील मुले असतील तर नाही' हा काही संस्थांचा नियम त्या चिंतेचे फार ढोबळ रूप आहे. मी विचारीन ते वेगळे: कुत्र्याला उठून जाता येईल अशी, मुलांना मज्जाव असलेली जागा घरात आहे का, मोठे माणूस त्या वेळी त्याच खोलीत असते का, आणि कुत्रा गुरगुरला तर घरातले त्याला रागावतात की मुलाला बाजूला घेतात? तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरून घर कळते. गुरगुरणे ही सूचना आहे, आणि जे घर ती सूचनाच बंद पाडते तिथे पुढचा टप्पा विनासूचना येतो.

एकटे राहण्याचे तास. माणूस घराबाहेर पडल्यावर ज्या कुत्र्यांना विरहाचा त्रास होतो त्यांची अस्वस्थता बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच दिसू लागते. म्हणून धागालेखिकेने केलेले चित्रण कोणत्याही अर्जातील 'किती तास' या रकान्यापेक्षा मोलाचे आहे. काही कुत्री सहा तास झोपून काढतात, काही सहा मिनिटांत दाराची चौकट कुरतडतात, आणि दोघांनाही एकच नियम लावला जातो.

अंगण. अंगण असलेल्या घरांतली कुत्री आमच्याकडे जास्त वजनाची येतात की कमी, याची मी नोंद ठेवलेली नाही, परंतु 'फिरायला नेता का' या प्रश्नाला 'अंगण आहे ना' हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता पुढचा प्रश्न विचारत नाही. अर्थात उलटी बाजूही आहे. नव्याने आलेले घाबरट कुत्रे पहिल्या काही दिवसांतच दार उघडे मिळताच पळते, आणि अशा वेळी बंदिस्त जागा प्राण वाचवते. पण त्यासाठी हार्नेस आणि पट्टा, एक दार लावल्याशिवाय दुसरे न उघडण्याची सवय आणि कातडीखालच्या मायक्रोचिपच्या नोंदणीत चालू असलेला दूरध्वनी क्रमांक यांनीही काम होते. चिप बसवून नोंदणीच न करणारे इतके लोक पाहिले आहेत की निकषांत एकच गोष्ट घालायची मुभा मिळाली तर मी ही नोंदणी घालीन.

वयाबद्दल: ठिपकीच्या आकाराची कुत्री साधारण बारा-तेरा वर्षे जगते. म्हणजे अजून सातआठ वर्षे. ७१ आणि ८ यांची बेरीज कोणीही करू शकते, आणि त्या बाईंनीही ती केली असणार. म्हणूनच त्यांनी पिल्लू मागितलेले नाही, पाच वर्षांची कुत्री मागितली आहे.

वाचनवेडा

हा वाद जुना आहे. २००७ मध्ये अमेरिकेतील दूरचित्रवाणी सूत्रसंचालिका एलन डीजेनेरस यांनी दत्तक घेतलेला इगी नावाचा लहान कुत्रा त्यांच्या मांजरांशी जमेना, तेव्हा त्यांनी तो आपल्या केशरचनाकार बाईंच्या कुटुंबाला दिला. करारानुसार कुत्रा परस्पर दुसऱ्याला देता येत नव्हता, म्हणून संस्थेने तो त्या घरातून परत नेला. लहान कुत्र्यांसाठी १४ वर्षांखालील मुलांचे घर नको, असाही त्या संस्थेचा नियम होता, आणि त्या घरातील मुली ११ आणि १२ वर्षांच्या होत्या. डीजेनेरस यांनी कार्यक्रमात रडून कुत्रा परत देण्याची विनंती केली, आणि त्यानंतर संस्थेला धमक्या येऊ लागल्या. तेव्हा लोकांनी दोन वेगवेगळ्या गोष्टींची गल्लत केली होती. 'जमले नाही तर कुत्रा संस्थेकडेच परत आणा' ही अट मला पूर्णपणे न्याय्य वाटते, कारण तीमुळे कुत्रा हातोहात फिरत नाही. मुलींच्या वयाचा आकडा ही मात्र दुसऱ्या जातीची अट आहे. पहिली अट कुत्रा गेल्यानंतर त्याच्या पाठीशी उभी राहते. दुसरी त्याला जाऊच देत नाही.

'लोक फुकट मिळालेल्या प्राण्याची किंमत ठेवत नाहीत' असे इथे पूर्वी अनेकदा लिहिले गेले आहे म्हणून आणखी एक. एएसपीसीए या अमेरिकी प्राणिकल्याण संस्थेच्या संशोधकांनी २००९ मध्ये मांजरांविषयी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शुल्क भरून आणि शुल्काविना मांजर नेलेल्यांच्या जिव्हाळ्यात फरक आढळला नाही. कुत्र्यांना ते जसेच्या तसे लागू करण्याची घाई मी करणार नाही, पण जी गोष्ट आपण उघड सत्य म्हणून बोलतो ती तपासल्यावर टिकेलच असे नाही.

अर्थात आकडे दुसऱ्या बाजूनेही बोलतात. त्याच संस्थेच्या २०१५ मधील सर्वेक्षणात, ज्यांना आपले कुत्रे किंवा मांजर दुसऱ्याला द्यावे लागले त्यांच्यापैकी १८ टक्के लोकांनी राहत्या जागेची अडचण हे मुख्य कारण सांगितले होते. घरमालकाचे पत्र मागणारी संस्था लहरीपणाने मागत नाही.

सातवी पाहुणी

मीही फॉस्टर करते. मला धागालेखिकेच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाविषयी, म्हणजे आपल्या मताच्या वजनाविषयी लिहायचे आहे.

आपल्याला कुत्रा कळतो हे खरे, पण आपल्याला तो आपल्या घरातला कळतो. माझ्याकडे असताना एक कुत्रा पुरुषांवर भुंकायचा. मी अहवालात 'पुरुष नसलेले घर द्यावे' असे लिहिले आणि त्यामुळे त्याचे दोन अर्ज गळाले. शेवटी ज्या घरी गेला तिथे आजोबा, बाबा आणि दोन तरुण मुले आहेत, आणि तो आजोबांच्या पलंगाखाली झोपतो. माझ्या शेजारी जे गृहस्थ राहत होते त्यांच्या बुटांच्या आवाजावर तो भुंकत होता, हे मला पुष्कळ उशिरा उमगले. माझे एक वाक्य त्या संस्थेच्या ६५ च्या आकड्याइतकेच आंधळे ठरले. तेव्हापासून मी अहवालात निष्कर्ष लिहीत नाही, घडलेले लिहिते: कोणत्या वेळी, कोणासमोर, किती अंतरावर, आधी काय झाले, किती वेळात शांत झाला.

आपल्याला नकाराचा अधिकार असू नये, असे माझे मत आहे. आपले म्हणणे अर्जासोबत ठेवले जाण्याचा आणि अर्जदाराशी बोलण्याचा अधिकार मात्र असावा. आणि तो फक्त आवडत्या अर्जदाराशी बोलण्याचा नसावा.

जुनी स्वयंसेविका

शेवटचे वाक्य मला लागू पडते असे धरून सांगते. आम्ही अर्जदारांना फॉस्टरशी बोलू देत नाही, कारण एकदा एका फॉस्टरने अर्जदाराला इतके घाबरवले की तो पळाला. पण या नियमाने काय गमावले जाते ते वरचा प्रतिसाद वाचून ध्यानात आले. 'भाडेकरू' यांचीही क्षमा मागते. तुम्हाला पत्र पाठवणारी संस्था आमची असो वा नसो, तसे एका वाक्याचे पत्र मी अनेकदा पाठवले आहे.

उंबरठा (धागालेखिका)

धागा काढून सोळा दिवस झाले, म्हणून काय घडले ते कळवते.

मी समन्वयकांना लेखी विनंती केली की दोन्ही अर्जदारांशी मला अर्धा-अर्धा तास फोनवर बोलू द्यावे आणि त्या वेळी संस्थेचे कोणीतरी माझ्यासमोर बसावे. त्यांनी थोडे आढेवेढे घेतले, पण मान्य केले. मी ठिपकीच्या नोंदी वाचून दाखवल्या, गॅलरीच्या दाराचा प्रसंगही. त्या कुटुंबातील आई ऐकून गप्प झाल्या आणि मग म्हणाल्या, "आम्ही अंगणात ठेवणार असे लिहिले, कारण अर्जात कुंपणाची उंची, भिंतीचा प्रकार, फाटकाची कडी असे अंगणाविषयीच पाच प्रश्न होते. आम्हाला वाटले, तुम्हाला तेच हवे आहे." त्यांचा आधीचा कुत्रा रात्रंदिवस घरातच असायचा. मी ते विचारले नव्हते. चार वर्षे ज्या रकान्यांना मी नावे ठेवत आले त्यांतल्याच एका रकान्यावरून मी त्या घराचा निकाल लावून टाकला होता, आणि अर्जाने त्यांच्याकडून नेमके तेच उत्तर लिहून घेतले होते.

त्यामुळे निर्णय सोपा न होता अधिक अवघड झाला, कारण आता दोन्ही घरे चांगली होती. शेवटी फरक पडला तो आवाजाने. दोघे मुलगे घरात चेंडू खेळतात, आणि त्या दिवशी फोनवर चेंडू भिंतीवर आपटल्याचा आवाज आला तशी इकडे ठिपकी टेबलाखाली गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आईंनी तो प्रसंग फोनवर ऐकला आणि आपण होऊन म्हणाल्या की मुलांना वर्षभर गप्प बसवणे आम्हाला जमणार नाही, आम्ही थोडा धीट कुत्रा शोधतो. संस्थेकडे असा एक आहे. त्यांची भेट पुढच्या आठवड्यात ठरली आहे.

७१ वर्षांच्या बाईंसाठी संस्थेने वयाची अट हटवलेली नाही, 'अपवाद' या शब्दाखाली बाजूला ठेवली आहे, आणि त्या शब्दावर माझा आक्षेप मी नोंदवला आहे. त्यांच्या भाचीने पर्यायी पालक म्हणून करारावर सही केली. नुसती तोंडी हमी नको, या जुन्या स्वयंसेविकेच्या अनुभवामुळे मी एक जादा अट सुचवली होती, ती बाईंनी आनंदाने मानली: भाचीने दर महिन्याला एक रात्र ठिपकीला आपल्या घरी न्यायचे, म्हणजे वेळ आलीच तर ते घर तिला परके नसेल, आणि घरात ॲलर्जी असेल तर तीही आताच कळेल. आधी दोन आठवडे परीक्षेचे आणि मग कायमची कागदपत्रे.

कुंपणाविषयीचे पाच प्रश्न अजून अर्जात तसेच आहेत. समन्वयक म्हणाल्या की ते पुढच्या सभेत मांडू. त्यांच्या जागी काय विचारावे याची सूचना मला द्यायची आहे, तेव्हा 'दवाखान्यातून' यांचा गुरगुरण्याचा प्रश्न त्यांच्या परवानगीने उचलीन म्हणते. आणखी कोणाला एखादा प्रश्न सुचत असेल तर तो इथे लिहावा, मात्र त्याचे बरोबर उत्तर अर्जदाराला प्रश्नातूनच कळू नये.

ठिपकी शनिवारी गेली. तिचे अंथरूण न धुता दिले, औषधांच्या नोंदींची वही दिली, आणि गॅलरीच्या दाराखालची पाचरही दिली. बाईंनी ती हातात घेऊन पाहिली आणि म्हणाल्या की आमच्या दाराखालची फट थोडी मोठी आहे, हिच्यावर फडके गुंडाळावे लागेल.